तुमच्या वहीतली माझी भाकर

आप्पा, परवा तुमच्या स्मृतिदिनाला सावेडीच्या हॉलमध्ये माइक हातात धरून ती म्हणाली, "मी आप्पांची मानसकन्या." लई टाळ्या पडल्या. पोटची लेक मी, पहिल्या रांगेत शाल-नारळ मांडीवर घेऊन बसलेली. माझी ओळख काय करून दिली, तर "यांच्या हातचा चहा नगरचे सगळे कवी प्यालेत."

आठवडाभर तुम्ही छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचात आणि रविवारी घरात कवी जमवायचात. नियम तुमचाच, आधी नवी कविता, मग चहा. आई गेल्यावर मला चौथीतून काढलंत, तेव्हापासून तो चहा माझ्या गळ्यात. ही तुमची मानसकन्या तेव्हा सोनईहून एसटीनं यायची, कॉलेजची पोरगी. तिची ओळ न ओळ तुम्ही लाल पेनानं खोडायचात. ती रडायला लागली की मला हाक, "हिला पाणी दे गं." मी पाणी द्यायची आणि आतून जळायची. माझं कुणी एवढ्या मायेनं कधी खोडलं न्हाई.

एका रविवारी कपबशा हातात घेऊन मी उभ्या उभ्याच म्हणाले, "भाकर फुगली तेवढा वेळ बाई गावाची पाटलीण." पुढच्या चार ओळीही म्हणून टाकल्या. एक कवी हसला, "घ्या आप्पा, आता हिलाबी चहा पाजा!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दूध उतू जाईल. जा, बघ."

आता ती तुमच्या सगळ्या कवितांचं पुस्तक काढतेय. तिला तुमची शेवटची वही पाहिजे. मी ती उघडली, बोट ठेवून ठेवून वाचली. पानोपानी खोडाखोड, आणि मधेच माझी भाकर. पाचही ओळी, तुमच्या अक्षरात. एक काना खोडलेला न्हाई. माझं नाव मात्र वर न्हाई, खाली न्हाई.

वही दिली तर माझी भाकर तुमच्या नावानं छापणार आणि ती बाई माइकवर तिचा अर्थ सांगणार. माझी आहे म्हटलं तर लोक म्हणतील, चौथी शिकलेली बाई मेलेल्या बापाला चोर ठरवते.

वही सापडत न्हाई, असं मी तिला दोनदा खोटं सांगितलंय. खरं तर ते पान मी रोज काढून बघते. तुम्ही चोरली असली तरी चालेल, आवडली म्हणूनच चोरली असणार, इथवर माझी मजल गेलीय. रविवारी ती स्वतः घरी येणार आहे. शनिवारी दिवेलागणीच्या आत मला सांगा, माझं नाव का न्हाई लिहिलंत?