सहा नंबरचं कार्ड

१ ऑक्टोबर १९८४, सोमवार
आज चार्ज घेतला! ॲन आर्बरपासून तासाभराच्या ड्राइव्हवर काउंटीचं ॲनिमल शेल्टर. चोवीस पिंजरे, दोन व्हॅन, आणि दारावर डिरेक्टर म्हणून माझं नाव, स्पेलिंग चुकलेलं. मालिनीने सकाळी शिरा केला आणि 'निघाले साहेब' म्हणून चिडवलं. परळला व्हेट होऊन इथे चार वर्षं लॅबमधले उंदीर सांभाळले, आता जरा मान वर करू दे की! ग्रीन कार्डाचे कागदही ह्याच नोकरीवर हलणार आहेत.

कारभार मात्र सगळा आनंदीआनंद. दर शनिवारी मुदत संपलेल्या जनावरांना कायमचं झोपवणारी सुई देणारा व्हर्नन, साठीचा बाप्या, कुत्र्याचं तोंड बघितलं की विरघळतो आणि 'अजून दोन दिवस' म्हणतो. भुंकणं नको म्हणून कानातलं मशीन काढून खिशात ठेवतो.

३ ऑक्टोबर
नवी पद्धत लावली. प्रत्येक पिंजऱ्यावर कार्ड: वर्णन, मुदतीची तारीख, माझी सही. व्हर्ननला बजावलं, जनावराकडे बघायचं नाही, कार्डाकडे बघायचं. तारीख उलटली की सुई. मला विचारायलाही यायचं नाही. बरं म्हणाला. ताळ्यावर आला एकदाचा.

५ ऑक्टोबर, शुक्रवार
मराठी मंडळातल्या श्रीरंगचा शिकागोहून फोन. ते तिकडे लग्नाला गेलेत आणि इकडे त्यांचा कुत्रा लाडू शेजाऱ्यांकडून पळाला. म्हटलं, सहा नंबरमध्ये आहे, लाल पट्टा. मंगळवारी या, निर्धास्त राहा. त्याची आठ वर्षांची रेखा फोनवर आली. प्रॉमिस का काका, म्हणाली. प्रॉमिस, म्हटलं. कार्डावर मुदत टाकली, ९/१०.

९ ऑक्टोबर, मंगळवार
सहा नंबर रिकामा. शनिवारीच उरकलं.
व्हर्ननला झाप झाप झापलं. त्याने गपचूप कार्ड पुढे केलं. नऊ-दहा. इथे महिना आधी लिहितात. दहा सप्टेंबर! मुदत महिन्यापूर्वीच संपलेली. अरे, पण गेल्याच आठवड्यात आलेला कुत्रा, तुला अक्कल नाही का? तर म्हणे, विचारायचं नाही असं तुम्हीच सांगितलंत.
चार वर्षं ह्या देशात राहून मी, गाढव—
रेखा लीश घेऊन आलीच. सांगितलं, लाडूला फार्मवर दिलं, मजेत आहे. कार्ड फाडलं. ही नोकरी गेली तर सगळंच गेलं.

१५ ऑक्टोबर
पोरीचा रोज फोन. फार्मचा पत्ता हवा. आज वैतागून सांगितलं, लाडू तुला विसरला, परत फोन करू नकोस. तिने फोन ठेवला. बरं झालं, कटकट गेली.

२२ ऑक्टोबर
सहा नंबरवर ते फाडलेलं कार्ड. अख्खं. अक्षर माझंच. व्हर्ननची खोडी असणार, तो शपथेवर नाही म्हणतो. पुन्हा फाडलं. पिंजरा रिकामा आहे, पण आत कोणीतरी कण्हतं.

२९ ऑक्टोबर
नवीन कार्ड. नर. सावळा. वय अडतीस. मालक नाही. खाली माझी सही. मी लिहिलेलं नाही!
मालिनी हसली, सुट्टी घे म्हणाली.

२ नोव्हेंबर
आज कार्डावर तारीख. ५/११. सोमवार. सोमवारी मी जाणारच नाही. खड्ड्यात गेलं ग्रीन कार्ड. उद्या सामान आणतो आणि—

३ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
सामान घ्यायला आलो. सहामध्ये लाडू. डोळ्यांनी बघितला. आत गेलो तर नुसता लाल पट्टा. मागे कडी पडली. बाहेरून.
रोजनिशी खिशात होती. लिहितोय, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. घाबरायचं कारण नाही. पाच तारखेला दोन दिवस आहेत. मालिनी शोधत येईल—

व्हर्नन आला. शनिवार. विसरलोच.
हाक मारली. मशीन खिशात. जीव तोडून ओरडलो— तोंडातून भुंकणं—

माझ्याकडे बघत नाही. कार्ड बघतोय. बोट ठेवून.
पाच-अकरा.
अकरा मे. अरे देवा, मे—

कडी काढली. सुई भरतोय. व्हर्नन, वर बघ. एकदाच माझ्या तोंडाकडे ब—