खिशातलं मीठ

६ जानेवारी, मंगळवार

रविवारी डेमो! डोंबिवलीला उत्तरा मॅडमच्या इंग्लिश क्लासमध्ये, मुलं आणि पालकांसमोर. जमलं तर सुट्टीची बॅच माझी. विषय मीच सुचवला — रोजचे इंग्रजी शब्द लॅटिनमधून कसे आले. मॅडम म्हणाल्या, "एकच शब्द घे. भरकटू नकोस. फोकस ठेव." सगळे मला हेच सांगतात. बारावीनंतर एक नोकरी धड टिकली नाही. घोडबंदर रोडचं ऑफिस सोडून गोव्याला गेलेलो, तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ही पण गेली तर?

७ जानेवारी

कुठला शब्द? मसल — लॅटिनमध्ये छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून. रूममेट सिद्धेश जिमवरून आलेला, त्याला सांगितलं. म्हणाला, म्हणजे एवढी अंडी मी उंदरांना घातली?

तेवढ्यात खाली प्रचाराची रिक्षा. कँडिडेट! मूळ अर्थ पांढऱ्या कपड्यांतला. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे कपड्यांना खडू फासायचे. आमच्याकडे बूटसुद्धा पांढरे. बघत बघत रिक्षामागून ठाकुर्ली स्टेशनपर्यंत गेलो. कशाला? तयारी शून्य.

९ जानेवारी

अँक्शस, म्हणजे धास्तावलेला — मुळात गळा आवळणे. बरोब्बर.

१० जानेवारी, शनिवार

पांढरा शर्ट न्यायला ठाण्याला आलोय, कोपरीला घरी. बाबा ओट्यावर बसलेले. मान वर केली नाही. सॅलरी या शब्दात मीठ आहे, हे त्यांना सांगायचं होतं — तरुणपणी मिठागरातच राबलेत. सैनिकांना पगारात मीठ द्यायचे असं लोक सांगतात. त्याला पुरावा नाही म्हणे, पण शब्द मिठावरूनच आलाय, ते पक्कं. शेजारी बसलो. नाही सांगितलं.

११ जानेवारी, रविवार

काय करून बसलो मी!

सकाळी निघताना आईने मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढली. मी मोबाइलवर फोकस शोधत होतो — लॅटिनमध्ये चूल! — ती पुढे काय करतेय तिकडे लक्षच नव्हतं.

क्लासमध्ये उभा राहिलो आणि सगळं विसरलो. हात खिशात गेला, तर कागदाची पुडी. आत जाडं, करडं मीठ. आमच्यात दृष्टीचं मीठ तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे टाकतात, मागे वळून न बघता. आईने त्यासाठीच दिलं असणार आणि मी विसरलो असणार! पण तोंड उघडलं. टेबलावर ओतलं, म्हटलं, सॅलरीतलं मीठ ते हे. मग मिठागर, खाडीचं पाणी, उन्हात मीठ ओढणारे बाबा… पोरं पुढे सरकली. एकाने चाटून बघितलं. मॅडम हसत होत्या.

तिथेच थांबायचं ना! पण नाही — आईने दृष्ट काढली, तिठ्यावर टाकायचं राहिलं, आणि गंमत म्हणजे ट्रिव्हियल हा शब्दही तिठ्यावरूनच आलाय —

पहिल्या बाकावरची बाई ताडकन उठली. "उतरवलेलं मीठ माझ्या पोराला चाटवलं?" त्याला ओढत नळावर नेलं. तिच्यामागून बाकीचेही उठले. मॅडम हळूच म्हणाल्या, आधी ते बाहेर टाकून ये.

तिठ्यावर टाकलं. वळून बघितलं नाही. परत वर जायची हिंमत झाली नाही.

१२ जानेवारी

मॅडमचा मेसेज — पुढच्या रविवारी पुन्हा ये, शेवटचा चान्स.

आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तं मीठ चुलीन टाकला. तुजे खिशान कशाला ठेवू?" मग म्हणाली, बाबांची मिठाची बरणी फळीवरून खाली काढलेली दिसतेय. मिठागर बंद पडलं त्या वर्षीचं मीठ. आम्हाला कधी हात लावू दिला नाही.

मागून बाबांचा आवाज आला. "बरणीन आजून हाय. इचार त्याला, पायजे काय."