मधल्या मशीनने उलटवलेल्या तारखा

९ डिसेंबर १९९८
आज पुन्हा गट ऑफिसात भांडण. कारखान्याची ऊसतोडीची यादी यंदापासून कॉम्प्युटर लावतो, आणि प्रोग्रॅम माझा! ज्याने ऊस आधी लावला, त्याची तोड आधी — एवढं साधं. रतनबाई लागणीची पावती घेऊन आल्या. "माजी लागन आट जुलैची हाय, पोरी. शेजाऱ्याची ऑगस्टातली, त्याचा तुटला. माज्या उसाला तुरा आला, वजन ऱ्हाईल का?" बघते म्हटलं.

शेतकी अधिकारी वाकचौरेसाहेब एवढंच म्हणाले, "यशोधरा, वहीत असं होत नव्हतं."

१० डिसेंबर
दिवसभर शोधलं. डेटाबेसात रतनबाईंची तारीख बरोबर — ८ जुलै ९७. मग गट ऑफिसच्या पडद्यावर ७ ऑगस्ट कुठून येते?

११ डिसेंबर
सापडलं! गट ऑफिसातला प्रोग्रॅम थेट डेटाबेसशी बोलत नाही. त्याच्याजवळचा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम मागणी दोघांच्या मधल्या मशीनकडे पाठवतो. ते मशीन ती डेटाबेसला कळेल अशी करून विचारतं आणि उत्तर परत देतं. मीच हट्टाने बसवलं — उद्या डेटाबेस बदलला तरी सात गट ऑफिसांत हात लावायला नको म्हणून. त्या मशीनवर तारखेची मांडणी अमेरिकेची राहून गेली. आधी महिना, मग दिवस. ८/७ म्हणजे ७ ऑगस्ट! पहिला आकडा बारापेक्षा मोठा असला की मात्र मुकाट्याने दिवस धरतं. आणि मी चाचणीला काय घातलं? १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी. दुसरी तारीख सुचलीच नाही. लाज वाटते स्वतःची.

शेजारच्या टेबलावरचा मच्छिंद्र म्हणाला, "सेटिंग बदल आन् गप बस. कुनाला कळतंय." सेटिंग बदललं. गप बसणं जमेना. तिकडे रतनबाईंचा ऊस वाळतोय.

१२ डिसेंबर
साहेबांना सांगितलं. ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "कोण मागं राहिलं, कोणाचा नंबर फुकट आधी लागला, सगळी यादी काढ. सोमवारी सभासदांसमोर वाचू." नोकरी जाणार बहुतेक.

१३ डिसेंबर
यादी निघाली. फुकट पुढं गेलेल्यांत पहिलंच नाव — भीमराज रंभाजी साळवे. लागण ७ ऑगस्ट, मशीनने वाचली ८ जुलै, तोड ३० नोव्हेंबर.
नाना. माझे वडील. ऊसतोडीची टोळी लवकर आली म्हणून घरात सगळे खूश होतो, कुणी काही विचारलं नाही. आता ही चूक होती, असं कोण मानेल?
नाव खोडलेलं नाही.