तांबडे केस आणि लोखंडी कढई

बाबा, परवा माझे केस नारंगी झाले. हसू नका. किंवा हसाच. नातीने हौसेने बाजारातली डबी आणली, हातात मोजे चढवले, माझ्या मानेभोवती जुना टॉवेल गुंडाळला आणि तासभर खपून माझं पांढरं डोकं रंगवलं. घरात छान काळपट दिसत होतं. मग मी गॅलरीत उन्हाला बसले आणि पोरगी किंचाळली, "आजी, तू तर पेटलीस!" तिचं तोंड इतकं उतरलं की मलाच तिची समजूत घालावी लागली. म्हटलं, अगं, एका माणसाचे केस याहून तांबडे झाले होते आणि मी ते दोन दिवसांत काळे केले होते, तेही जंगलातल्या फळांनी. तिला काही पटेना. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात नुसती मंडई भरली आहे. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, आणि तुमच्याशिवाय ते कळणार कोणाला?

तुमचे केस कमरेपर्यंत होते. दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळात राणीचं सोंग घ्यायचं तर केस स्वतःचेच हवेत, हा तुमचा हट्ट. इतर गावांतले पुरुष बाईचं सोंग घेताना अंबाडीच्या धाग्यांचा टोप लावायचे, त्यांच्याकडे बघून तुम्ही नाक मुरडायचात. "डोक्यावर दोर बांधून कोनी रानी होते का?" वर्षभर नांगर धरणारे, धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल तुडवणारे तुम्ही, डोक्याचा अंबाडा फेट्याखाली लपवून फिरायचात, आणि दिवाळी झाली, गावची मंडई भरली, जत्रेला चार गावं लोटली, की लुगडं नेसून असे काही उभे राहायचात की बघणाऱ्या बायासुद्धा आपला पदर नीट करायच्या. माझ्या लग्नात मात्र आईने तुमचा फेटा क्षणभर उतरू दिला नाही. सासर वैनगंगेपलीकडे, धानोऱ्याकडच्या रानातलं. तिथे कोणाला ठाऊक नव्हतं की व्याही राणी होतात. आईने मला बजावलं होतं, "तिकडं बोलू नको वं. नवी हायेस, हासतीन तुले." मी कशाला बोलते? मलाही लाजच वाटायची, आता लपवून काय करू.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले, अंगणात पाय ठेवला, तर तुम्ही विहिरीपाशी उकिडवे बसलेले आणि डोकं थेट फुललेला पळस! पुढचे केस पांढरे व्हायला लागले म्हणून तुम्ही कोणाला न सांगता मेंदी लावली होती. तीही पितळी पातेल्यात, आंबट ताकात भिजवून, आणि वर रंग गडद व्हावा म्हणून तिच्यात कात घातला होता. रानात खैराचा कात काढणाऱ्या कोण्या शहाण्याने तसं सांगितलं म्हणे. "कातानं तोंड रंगते, त केस काऊन नाई रंगनार?" असं तुम्ही मलाच विचारलंत. रंगले की! जेवढे पांढरे होते तेवढे सगळे तांबडेलाल. मग घाबरून ते राखेच्या पाण्याने खसाखसा धुतलेत, तर जो काही काळपटपणा होता तोही गेला. दुपारी दंडारीचा मुख्य आला. त्याने तुमच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भाऊ, रातचा खेळ असता त बत्तीच्या उजेडात खपून गेलं असतं. आपली दंडार भर दुपारची. लाल केसाची रानी उन्हात उभी केली त लोक हासून मरतीन. परवा सकाळपावेतो काळे नाई झाले त शिंप्याच्या भावाले उभा करतो." शिंप्याचा भाऊ विशीतला, नाकाडोळ्यांनी देखणा. या वयात एकदा सोंग हातचं गेलं की परत येत नाही, हे मुख्यालाही माहीत होतं आणि तुम्हालाही. तो गेल्यावर तुम्ही मला एवढंच म्हणालात, "बाई, आता माहं काई खरं नाई."

आणि मी तर आनंदाने उडालेच, बाबा! कारण माझी सासू केस काळे करण्यात पटाईत होती. जंगलातून हिरडे-आवळे गोळा करणारं ते घर. साठीची बाई, पण उन्हात उभी राहिली तरी डोक्यात तांबूस झाक म्हणून नाही. आमच्या घरासाठी तिने गाठोडंभर वाळलेले हिरडे आणि आवळे माझ्याबरोबर दिले होते. मी ते कुटायला घेते आणि आईकडे लोखंडी कढई मागते. आई कढईवर हात ठेवून उभी. "खायच्या कढईत केसाचं? मंग चकल्या कायमधी तळू, माह्या डोक्यात?" मी सांगते, अगं, पितळेत होत नाही, लोखंडच पाहिजे, लोखंडानेच ते काळं होतं. ती ऐकेना. शेवटी तुम्ही दारातून हळूच म्हणालात, "देऊन टाक ना वं. पुढच्या साली मागत नाई." आईने तुमच्याकडे पाहिलं आणि कढई माझ्यासमोर ठेवली.

पाण्यात भुकटी उकळायला लागली तशी कडेकडेने काळी होत गेली, आणि उतरवून ठेवली तर घटकाभरात दौतीतली शाई. मला कोण आनंद! भसाभस लावली, एरंडाची पानं बांधली, ऊन उतरेपर्यंत तुम्हाला बसवलं. धुतलं, तर केस तसेच तांबडे. मी एक बट चोळून बघितली. बोटांना तेल लागलं. तुम्ही रडवेले होऊन सकाळी वाटीभर तीळतेल चोपडलं होतं! तेलावर रंग धरतो कुठे? दुसऱ्या दिवशी उजाडताच रिठ्याच्या पाण्याने दोनदा डोकं धुतलं, केस करकर वाजेपर्यंत. या वेळी आधी मानेजवळची एक बट कापली, कढईत बुडवली, सुकवली, उन्हात नेली. काळी! आईसुद्धा चुलीपुढून उठून बघायला आली. मग सगळ्या डोक्याला लावलं, सुकलं की पुन्हा लावलं, असं तीनदा. तुम्ही पाठ ताठ करून बसला होतात आणि दर थोड्या वेळाने विचारत होतात, "झाले का वं?" संध्याकाळी फडक्याने पुसून तुम्हाला मावळत्या उन्हात उभं केलं. पिकलेल्या जांभळाचा रंग होता तो, लाल कुठेच नाही. तुम्ही केस पुढे घेऊन बघितलेत आणि अंगणातल्या अंगणात एक गिरकी मारलीत. पुढची नऊ वर्षं तुम्ही मेंदी लावलीत ती आवळा घालून, लोखंडातच भिजवून, आणि राखेचं पाणी डोक्याला लागू दिलं नाहीत.

मंडईच्या दिवशी सासूबाई अचानक आल्या. विहिणीच्या गावची मंडई बघायची होती त्यांना. आमच्या शेजारी बसल्या, व्याही कुठे आहेत विचारलं, आई म्हणाली, "असतीन कुठीतरी, पाव्हण्याच्या मागं." तेवढ्यात ढोलकी वाजली आणि तुम्ही आलात. बाबा, काय दिसत होतात! डोक्यावर कडक ऊन, तुम्ही मान वळवलीत की वेणी पाठीवरून सळकन फिरायची, आणि एक माणूस हसला नाही. शिंप्याचा भाऊसुद्धा टाळ्या पिटत होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ते केस मी केलेत. सासूबाई पुढे वाकून बघत होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, कोन वं ते बाई? काय केस हायेत तिचे! तिले विचारून घे, काय लावते थे."

खेळ संपल्यावर तुम्ही तोंड धुऊन, फेटा बांधून, त्यांना राम राम करायला आलात. नंतर मला बाजूला घेतलंत आणि घाबरत घाबरत विचारलंत, "विहीनबाईनं ओळखलं का मले?" मी म्हटलं, "हो तर. लय चांगलं केलं म्हने." तुम्ही केवढे खूश झालात.

बाबा, त्यांनी नव्हतं ओळखलं. मी त्यांना सांगितलं, बाहेरगावची कोणी बाई असेल, मला नाही माहीत. माझा बाप आहे हे तोंडातून निघेना. पुढे तुम्ही वीस वर्षं जगलात, त्याही काळात मी गप्पच राहिले. मला वाटायचं, खरं सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल. परवा नातीला हे सगळं सांगताना ती मध्येच म्हणाली, "म्हणजे तुझ्या सासूबाईंना ते खरीच बाई वाटले, हे कोणी पणजोबांना सांगितलंच नाही?" नाही सांगितलं. तुम्ही जन्मभर ज्याच्यासाठी केस वाढवलेत, ते त्या दुपारी तुम्हाला मिळालं होतं, आणि मी ते तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही.