मुंबई ते मेलबर्न

आप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तुमच्याविषयी घरात अजून कुणी वाकडं बोलत नाही. म्हणून मी बोलते आहे.

गेल्या महिन्यात माय माझ्याकडे आली. मी स्वतः गावी, प्रकाशाला जाऊन तिला घेऊन आले. मुंबई ते मेलबर्न जवळजवळ दहा हजार किलोमीटर, मधे कुठेही न थांबता बारा तास. निघण्याआधी हे तिला सांगितलं होतं, पण मी नुसता धीर देते आहे असंच तिला वाटलं. तिने तीन दिवस पुरतील एवढ्या दशम्या बांधून घेतल्या होत्या. विमानात ती जेवली, झोपली, उठली. उतरून बाहेर आलो तर विचारते, "आते दुसरं इमान कव्हय शे?" मी म्हटलं, माय, पोचलो आपण. ती जागीच थांबली.

"तुन्हा बाप तं तीन दिन सांगे. बीपीवाली बाई रस्तामाच मरी जास, म्हने."

आप्पा, माझ्या बाळंतपणाच्या वेळी मी तुम्हाला फोनवर सगळं नीट सांगितलं होतं. तेव्हा सिंगापूरला विमान बदलावं लागे, तरी सोळा-सतरा तासांत माणूस पोचत असे. तुम्ही ते मला परत म्हणून दाखवलंत, विमान कुठे बदलायचं तेही. पासपोर्ट आला होता, तिकीट काढून झालं होतं, मायने डिंकाचे लाडू वळून डबा भरला होता. मग एक दिवस तुमचाच फोन: "ती घाबरते. नाही यायचं म्हणते." त्यानंतर कितीतरी वर्षं मी मायशी तोडून वागले. तो राग तुमच्या वाट्याचा होता.

बाळ झालं आणि मी तापाने फणफणले. नवरा कामावर. शेजारची बाई बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, तिला माझं नावसुद्धा धड म्हणता येत नव्हतं. तिकडे तुमच्या ताटात दोन्ही वेळा गरम भाकरी पडत होती. तेवढ्यासाठीच केलंत ना हे? लाडू तुम्ही चहाबरोबर संपवलेत, असं भावाने नंतर हसत सांगितलं. मीही हसले होते.

विमानतळावरून घरी येताना मी गाडीत गप्पच होते. मायला कळलं, मी तुमच्यावर चिडले आहे. माझा हात धरून म्हणाली, "त्यासले काय मालूम? ते कधी इमानमा बठनात का?"

तुम्हाला माहीत होतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. नाही बोलले. तुमची लाज राखायला नाही, आप्पा. तिने तुमच्यासोबत सगळा जन्म काढला, आता या वयात तिला ते सांगायचं मला धैर्य झालं नाही. ती आत झोपली आहे. तिला वाचता येतं, म्हणून हा कागद ती उठायच्या आत फाडून टाकते.