मावशीची रांग मागे राहिली

प्रिय मावशी,

पुरानंतर छावणीतल्या तंबूंच्या दोन रांगांपैकी समुपदेशक आधी कुठे पाठवायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. दुसऱ्या रांगेने तीन महिने थांबायचं, म्हणजे या मदतीने खरंच फरक पडतो का ते आमच्या अभ्यासात कळेल. चिठ्ठी मीच उचलली. तुझी रांग मागे राहिली.

काल माझी सहकारी अभ्यासाचे प्रश्न विचारायला तुझ्या तंबूत आली, तेव्हा मी दाराशी होते.

"झोप लागते का?" तिने विचारलं.

"अगदी गाढ," तू म्हणालीस.

काका वाहून गेल्यापासून तुझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही, हे शेजारणीने मला केव्हाच सांगितलं होतं. सहकारी गेल्यावर तू मला हळूच विचारलंस, "नीट बोलले ना गं? तुझ्या कामात खोडा नको."

आज मी आमच्या अभ्यासाच्या प्रमुख मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "फार त्रास असलेल्याला थांबवायचं नसतं. तुला ठाऊक होतं ना?"

ठाऊक होतं. मावशीला पुढे घुसवलं असं कुणी म्हणेल, म्हणून मी तोंड शिवून बसले.

उद्या समुपदेशक तुझ्याकडे येतील. हे पत्र मात्र मी देणार नाही. वाचलंस, तर स्वतःचं सगळं बाजूला ठेवून तू माझीच समजूत काढत बसशील.

तुझी,
ठकी