गदापुच्छाचा पूर्वपक्ष

हॅरो क्रीक, आल्बर्टा
मंगळवार, १२ मार्च २०१९

चि. सौ. चारुशीलेस,

दादाचे अनेक आशीर्वाद. मी इकडे ठीक. तिकडे तुम्ही सगळे कुशल असाल असं धरून चालतो. गेली सहा वर्षं तसंच धरून चालत आलो आहे आणि तूही ते कधी खोडून काढलेलं नाहीस.

पत्रास कारण की, माझ्यावर एक घोर अन्याय झाला आहे, आणि तो ज्याच्यापुढे मांडावा असा एकही विचारी माणूस या गावात उरलेला नाही. डोरीनने माझ्या जनावराची गदा वांग्यासारखी काढली. फळ्यावर, जांभळ्या खडूने, चांगली देठासकट.

डोरीन म्हणजे आमच्या कर्लिंगच्या हॉलमधलं उपाहारगृह चालवणारी बाई. बर्फावरून दगड घसरवत नेण्याचा आणि पुढे झाडू मारत धावण्याचा तो खेळ, ज्याला तू एकदा 'मोठ्या माणसांची भातुकली' म्हणाली होतीस, त्याचा हॉल. मी पहिल्याच शनिवारी तिला विचारलं, "डोरीन, हे काय आहे?"

"शेपटीची गाठ."

"ही भाजी आहे."

"मग खा," ती म्हणाली, आणि कॉफी ओतायला निघून गेली.

त्यानंतर आठ शनिवार मी दर वेळी नव्या शब्दांत तक्रार केली. तिने रेघही बदलली नाही. उलट पाचव्या आठवड्यात देठाला एक काटा वाढवला.

आता ते जनावर फळ्यावर का होतं, ते सांगतो. जानेवारीच्या सुरुवातीपासून मार्च लागेपर्यंत इथे दर शनिवारी सकाळी दंगल भरते. पहिलवान सोळा, सगळे केव्हाच नामशेष झालेले. लॉर्न ह्रिट्सुकच्या लोकरी टोपीतून चिठ्ठी काढायची, जे जनावर हाती येईल त्याची वकिली करायची. दोघांनी आपापली बाजू मांडली की जमलेली मंडळी कॉफीचे कप वर करतात. ज्याच्या बाजूने कप जास्त, त्याचं जनावर जगलं. हरलेल्याला डोरीन ओल्या फडक्याने पुसून टाकते. बाहेर उणे तीस, आत म्हातारी माणसं टेबलं बडवत भांडताहेत की स्लॉथ नावाच्या अस्वलाएवढ्या सुस्त प्राण्याच्या नख्या भारी पडतील की तलवारदात्या वाघाचे सुळे. मला वीस वर्षांत याहून गंभीर सभा दुसरी दिसलेली नाही, आणि आपण शास्त्रार्थांच्या सभांना सतरंज्या घालून वाढलेली मुलं.

लॉर्न पंच. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, कोळशाच्या खाणीत तीस वर्षं काढली, त्यामुळे दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायला थांबतो आणि ते थांबणं निकालासारखं वाटतं. त्याचे नियम तीन. प्रत्येक जनावर पूर्ण वाढलेलं आणि धडधाकट धरायचं. पळालं ते हरलं. आणि 'ते परिस्थितीवर अवलंबून आहे' असं जो म्हणेल त्याने बाहेर जाऊन फावड्याने बर्फ ओढायचा. तिसरा नियम माझ्या पहिल्याच वर्षी, माझ्यामुळे झाला.

पहिल्या नियमाला माझा जुना आक्षेप आहे. तुला माहीत आहे, कॅलगरीतली ती संस्कृतची जागा दोन वर्षांत रद्द झाली आणि मी इथल्या छोट्या संग्रहालयात हाडांवरचा दगड सुईने टोकरायला बसलो, तो अजून बसलोच आहे. माझ्या टेबलावर धडधाकट असं एकही आलेलं नाही. बरगडी मोडून वाकडी जुळलेली, जबड्याला रोगाची भोकं, मणके एकमेकांना चिकटलेले. हे मी लॉर्नला एकदा सांगितलं. तो श्वास घ्यायला थांबला आणि म्हणाला, "ठाऊक आहे रे. म्हणून तर नियम केला. शनिवारी तरी सगळी बरी असू देत."

माझी वकिली इथे प्रसिद्ध आहे. पद्धत अर्थात आपल्या घरातली. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षाही चांगली मांडायची, इतकी की त्यालाच वाटावं आपण जिंकलो. मग उत्तरपक्ष, म्हणजे ती एकेक वीट काढून पाडायची. मी उभा राहिलो की कुणीतरी ओरडतंच, "चला, गॅड आता दुसऱ्याचं जाकीट घालणार!" (मी इथे गॅड. 'गदाधर' त्यांच्या दातांत अडकतो.) जाकीट घालतो, चार पावलं मिरवतो, आणि मग काढून त्याच्याच अंगावर फेकतो. लोकांना ते फेकणं आवडतं.

तर यंदा टोपीतून माझ्या हाती गदापुच्छ आला. शास्त्रज्ञांनी त्याला 'सांधलेला सरडा' अशा अर्थाचं पांगळं नाव दिलं आहे, अँकायलोसॉरस. बारसं मी पुन्हा केलं. अंगभर हाडांचं चिलखत, रणगाड्यासारखा बुटका, आणि शेपटीच्या टोकाला अशी गाठ की एका फटक्यात समोरच्याच्या पायाची नळी मोडावी. वीस वर्षं मी त्याची वाट पाहिली. इतकी वर्षं काय काय आलं! एकदा तर शंखात राहणारा एक मऊ प्राणी आला होता, समोर शार्क. आठ मिनिटं टिकवला त्याला. आणि यंदा गदाधराला गदा. अण्णा असते तर त्यांनी यावर एक श्लोकच…

ते राहू दे.

गदापुच्छाने मॅमथ पाडला, तलवारदात्या पाडला, तीन शिंगांचा त्रिशृंगमुख पाडला. अंतिम फेरीत समोर टी-रेक्स, माझ्या भाषांतरात आततायी-सरट-राज, आणि त्याचा वकील वेंडेल. वेंडेल शाळेची बस चालवतो. दाराएवढा माणूस, पण बोलायला उभा राहिला की कान लाल. त्याची बायको बर्निस ऑक्टोबरात गेली. ती दर शनिवारी त्याच्या शेजारी विणत बसायची आणि त्याच्या जनावरासाठी तिने एकदाही कप उचलला नाही. "आधी नीट बोलायला शीक," म्हणायची. यंदा त्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं. कोट ठेवायलाही कुणी वापरत नव्हतं.

दोन तारखेला हॉल भरला होता. वेंडेल उठला.

"गॅडचं जनावर म्हणजे पालथं घातलेलं घमेलं," तो म्हणाला. "मेंदू शेंगदाण्याएवढा."

"पुरतो त्याला," मी बसल्या जागेवरून म्हटलं. "तुझ्याला तर स्वतःची पाठ खाजवता येत नाही."

"माझ्याला दात आहेत. मोठे आहेत." त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "बस, एवढंच," म्हणाला आणि बसला.

मग मी उभा राहिलो. जाकिटाची आरोळी झाली. आणि चारू, मी बोललो. इतकं चांगलं मी कित्येक वर्षांत बोललेलो नाही. आततायीचं नाक किती दुरून वास घेतं, डोळे कसे पुढे असल्यामुळे अंतर जोखतात, जबड्याची पकड, तो समोरून येणारच नाही, बगलेत डोकं घालून उलथवेल, आणि उलथलेल्या चिलखताखाली पोट मऊ असतं. अकरा मिनिटं. मग मी बसलो.

लॉर्नने विचारलं, "संपलं?"

"संपलं," मी म्हणालो.

कप वर गेले, सगळेच्या सगळे. वेंडेलने मला खुर्चीतून उचललं, अक्षरशः, आणि माझ्या खांद्यावर तोंड ठेवून म्हणाला, "गॅड, बर्निसला हे फार आवडलं असतं रे." बायका डोळे पुसत होत्या. लॉर्न म्हणाला, "वीस वर्षांनी मिळालेलं जनावर." श्वास. "सोडून दिलंस त्याच्यासाठी."

त्या दिवसापासून गाव मला थोर माणूस समजतं. दारात बेरीचे 'पाय', म्हणजे गोड सारणाच्या भाजलेल्या पोळ्या, येऊन पडतात, माझ्या वाटेवरचा बर्फ मी उठायच्या आत कुणीतरी ओढलेला असतो. वेंडेल रस्त्यात बस थांबवून मुलांना सांगतो, हात करा, हे गॅड आहेत.

आता पुढचं नीट वाच. मी बसलो तेव्हा मी जिंकलो अशा समजुतीत बसलो होतो. कप वर गेले तेव्हा मी हसून हात जोडले. डोरीन फडकं घेऊन फळ्याकडे गेली आणि त्या वांग्यावर हात ठेवला, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, हरलं बिचारं, कुणाचं होतं कोण जाणे. मग तिचा हात सरकला आणि त्याखाली माझं नाव दिसलं.

उत्तरपक्ष मी गाळला नाही. तो आहे हेच माझ्या डोक्यात नव्हतं. जाकीट घातलं आणि ते माझंच वाटलं.

सगळे गेल्यावर मी कप गोळा करत होतो. डोरीन विसळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आठ आठवडे त्या वांग्यावरून माझं डोकं खाल्लंस. आणि आज मी पुसायला घेतलं तर तू असा बघत होतास, जणू पहिल्यांदाच पाहतोयस."

"वेंडेलसाठी केलं ते," मी म्हणालो.

"वेंडेलला सांग. मी चार वर्षं माझ्या आईला चमच्याने भरवलंय, गॅड. मला नको सांगूस."

तिनेच कॅलगरीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, अठ्ठावीस तारखेची. तीच गाडी चालवणार. मी म्हटलं, मला गाडी येते. ती म्हणाली, "जायला येते. यायचं कोण बघणार?" इथे विनोद असा करतात, हात पुसत.

डॉक्टरांकडून एक फॉर्म आला आहे. नाव, वय अठ्ठावन्न, व्यवसाय 'हाडं साफ करणे'. हे लिहून बरं वाटलं. तिसऱ्या पानावर विचारलं आहे: आईवडिलांपैकी कुणाला स्मृतिभ्रंश होता का? असल्यास, कितव्या वर्षी सुरुवात झाली? पहिल्या चौकोनात खूण केली. दुसरा गेले सहा दिवस कोरा आहे. मला माहीत नाही, चारू. माझ्या वडिलांचं हे मला माहीत नाही, कारण ज्या पत्रात तू ते लिहिलं होतंस ते मी पत्र म्हणून वाचलंच नाही.

ते पत्र माझ्याजवळ आहे, पण त्यावर तू नुसता वार घातला आहेस, साल नाही. तू लिहिलंस: 'आज अण्णा देवासमोर नेहमीप्रमाणे शब्द चालवत होते. नदी शब्दाच्या षष्ठीपाशी थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी सांगितलं तर म्हणाले, बरं झालं आलात, आपण कोण?' आणि मी इथून काय कळवलं? की नदीला षष्ठी कशाला हवी, तिला पूर येतो तेवढं पुरे. मला ते वाक्य आवडलं होतं. संग्रहालयात दोघांना भाषांतर करून ऐकवलंही होतं. तू परत कधी मला त्यांच्याविषयी लिहिलं नाहीस, आणि मीही ते सोयीचं मानून घेतलं. पुढे तू त्यांना भरवलंस, न्हाऊ घातलंस, रस्त्यावरून शोधून आणलंस, हे मला परक्या माणसाकडून कळलं. मी तेराव्यालाही पोचलो नाही. विमानाचं कारण तुला दिलं होतं. विमान होतं.

मी टेबलावर काम करताना शब्द चालवतो, तुला माहीत आहे, सुई त्या ठेक्यात नीट चालते. दोन तारखेपासून मी राम चालवला, हरि चालवला, गुरु चालवला. सगळे ठीक आले. नदी चालवून पाहिलेला नाही. दहा दिवस झाले. सुई तिथवर आली की मी उठून खिडकीपाशी जातो.

तेव्हा तुझ्याकडे मागणं एवढंच की, अण्णा त्या दिवशी किती वर्षांचे होते ते कळव. नुसता आकडा कार्डावर लिहिलास तरी चालेल. त्याच्याखाली माझ्यासारखाच एखादा विनोद लिहावासा वाटला तर तोही लिही, तुझा तो हक्क आहे.

आणि हे मी इथे कुणाला बोललो नाही, डोरीनलाही नाही. अण्णांना जे झालं तेच मला झालंय, असं मला वाटतं. त्यांच्याजवळ तू होतीस. मला फार भीती वाटते आहे, चारू.

तुझा दादा,
गदाधर